मुलगी क्रमांक तीन

आमच्या गावात दुःखावर बोलत नाहीत. त्याच्यावर चीज पसरतात, ओव्हनमध्ये ठेवतात आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल त्याच्या पायरीवर नेऊन ठेवतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे भांडं परत येताना घोळ होत नाही. रोंडा हॉस्टेटलर बर्फावरून गाडी घसरून गेली, त्या आठवड्यात तिच्या आईच्या पायरीवर अशी एकतीस भांडी जमली होती. सगळी घासूनपुसून परत गेली. त्यानंतर छत्तीस वर्षं गावाने त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. आपण फार चांगलं वागतोय, असं आम्हाला वाटत होतं.

मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात काम करतो. गाव ओहायोतलं. वस्ती तेवीसशे, चर्च नऊ, सिग्नल एक. हॅलोविनला मुलांनी गोड मागत कोणत्या दिवशी आणि किती ते किती फिरायचं, हे आमच्याकडे गावची समिती ठराव करून ठरवते. यंदा गुरुवारी सहा ते साडेसात. साडेसातनंतर भुतांना गावात परवानगी नाही. ज्याच्या ओसरीचा दिवा लागलेला त्याच्याकडे जायचं, ज्याचा विझलेला त्याच्याकडे नाही. मिसेस हॉस्टेटलरांचा दिवा त्या दिवशी छत्तीस वर्षं विझलेला असायचा, आणि का, ते कोणी विचारलं नव्हतं.

एरवी माझ्या मताला गावात कोणी विचारत नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र विचारतात, कारण त्या महिन्यात मी यादी काढतो. 'हॅलोविनपर्यंत बघावेत असे तेरा भयपट.' पहिल्या सोमवारी नारिंगी कागदाच्या दोनशे प्रती काउंटरवर ठेवतो. ही यादी मूळची मर्ल स्लॅबॉची. त्याचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान बंद केलं तेव्हा त्याने यादी माझ्याकडे सोपवली आणि नियम सांगितले. त्या वर्षी स्वतः पुन्हा बघितल्याशिवाय कुठल्याही सिनेमाबद्दल लिहायचं नाही. कोणाच्या भिडेखातर लिहायचं नाही. हे दोन्ही मी पाळले. महापौरांच्या भाच्याने भुताचा सिनेमा काढला तेव्हासुद्धा पाळले, आणि त्या वर्षी वाचनालयाचं छत गळत राहिलं.

तिसरा नियम मर्लने जाता जाता, दुकानाचं शटर ओढताना सांगितला होता. "आणि ग्लेन, तो आपला गावातला सिनेमा आहे ना, तो कधीही घालायचा नाही. तिच्या आईसाठी."

गावातला सिनेमा म्हणजे 'तिसऱ्या कोठारातला माणूस'. एक्याऐंशीच्या जुलैमध्ये कोलंबस शहरातून चार जण कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी अकरा दिवसांत तो काढला. पहिल्या दोन कोठारांत काय होतं, हे शेवटपर्यंत कळत नाही. मारेकरी आणि मरणारे बहुतेक गावातलेच. रोंडा तिसरी मरते. पुढच्या वर्षी हमरस्त्यावरच्या ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायच्या मैदानात, तो तीन शनिवार चालला. त्यानंतरच्या फेब्रुवारीत रोंडा खरोखरच गेली. एकविसाव्या वर्षी. मग कोणी त्या सिनेमाचं नाव घेतलं नाही. तिची आई माझी यादी वाचेल असं मला वाटत होतं का? नाही. पण काउंटरवर पडलेला कागद आहे, चुकून नजर जायची, म्हणून काळजी घेतलेली बरी.

सप्टेंबरच्या मध्यावर, एका मंगळवारी सकाळी दहाला, मिसेस हॉस्टेटलर वाचनालयात आल्या. वय ब्याऐंशी. शाळेच्या जेवणघरात त्यांनी तेहतीस वर्षं वाढलं. तिशीपासून साठीपर्यंतचं आमचं अख्खं गाव त्यांच्या हातचं जेवलंय, आणि कोणी ताटात काय टाकलं हे त्यांना तोंडपाठ आहे.

"बस, ग्लेन," त्या म्हणाल्या. वाचनालय माझं, टेबल माझं, खुर्ची माझी. पण मी बसलो.

"यादी करतोयस?"

"हो. अजून दोन जागा रिकाम्या आहेत."

त्यांनी पर्समधून रबर लावलेलं एक भेंडोळं काढलं आणि टेबलावर ठेवलं. वरचा कागद भोपळ्याच्या रंगाचा होता. खालचे फिके होत होत चहाच्या रंगाचे झाले होते.

"छत्तीस आहेत. मर्लच्या सतरा, तुझ्या एकोणीस. मी एकही चुकवली नाही."

काउंटरवर पुस्तकांवर शिक्के मारत बसलेली पॅटी थांबली. पॅटी आमच्याकडे अकरा वर्षं आहे. दर ऑक्टोबरला मिसेस हॉस्टेटलर नारिंगी कागद उचलायच्या आणि दर ऑक्टोबरला पॅटी म्हणायची, "डेटनच्या नातवंडांना का? मजा येईल हो त्यांना." त्या मान हलवायच्या.

"तुम्हाला भयपट आवडतात, हे मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. माणूस घाबरला की असलंच काहीतरी बोलतो.

"मी आयुष्यात एकही बघितलेला नाही. ऐक, तुला एक विचारते, खरं सांग. तू वाटाणे रुमालात गुंडाळून खिशात घालायचास. मला दिसायचं. मी कधी बाईंना नाव सांगितलं नाही. ते आठव आणि मग उत्तर दे."

"विचारा."

"रोंडा इतकी वाईट होती का?"

पॅटीने शिक्का हळूच खाली ठेवला.

"छत्तीस गुणिले तेरा," त्या म्हणाल्या. "मी हिशेब केलाय. चारशे अडुसष्ट जागा. वटवाघळं आली, बाहुल्या आल्या, एकदा तर तू माणसं खाणारं धुलाई यंत्र घातलंस. आणि आपल्या गावात काढलेला एकच सिनेमा, त्याला जागा नाही. दर वर्षी घरी नेते, स्वयंपाकघरात बसते, एकपासून तेरापर्यंत वाचते. दर वर्षी वाटतं, यंदा असेल. नसतो. मग मी स्वतःलाच म्हणते, व्हर्ना, पोरीला जमलं नसेल गं. लोक भले आहेत, तोंडावर बोलत नाहीत. नुसतं नाव गाळतात."

"मिसेस हॉस्टेटलर, तसं नाही. आम्ही... तुम्हाला त्रास नको म्हणून गाळत होतो. मर्लने सांगितलं होतं. सगळ्यांनाच वाटत होतं."

त्यांनी भेंडोळं स्वतःकडे ओढलं.

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आणि कोणी एकाने येऊन विचारलं नाही."

"तुम्ही कधी मागितलाही नाही."

"काय सांगून मागू? माझी मेलेली पोर एक आठवडा द्या, वेळेत परत करते, असं?" आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज कधी चढत नाही. तीनशे मुलांच्या जेवणघरात चढला नाही, आता कशाला चढेल. "यादीत नाव असतं, तर कोणीही येऊन मागतो तसा मीही मागितला असता. कोणी वळून बघितलं नसतं."

मग त्यांनी ड्राइव्ह-इनची गोष्ट सांगितली. रोंडाने आईला चल म्हटलं होतं. आई म्हणाली, असलं मी बघत नाही, पाळकांनीही सांगितलंय. रोंडा म्हणाली, "फक्त वीस मिनिटं, आई. विसाव्या मिनिटाला मी मरते, मग तू घरी जा." आई गेली नाही. शनिवार तीन होते, तिन्हीला गेली नाही.

"घरात तिचे फोटो बावीस आहेत," त्या म्हणाल्या. "हलत नाही एकही. आवाजही नाही. आणि आता डोळ्यांचं हे झालंय. डॉक्टर म्हणतो, वसंतापर्यंत मधलं सगळं जाईल, कडेकडेचं राहील. म्हणून आले. मला ते बघायचंय. आणि ते यादीत पाहिजे. वाईट असेल तर वाईट म्हणून लिही. भीड धरलीस तर मला कळेल. पण लिही."

त्या गेल्यावर पॅटीने टेबलाखालून कागदी रुमालांचा खोका काढला. दोन स्वतः घेतले, एक मला दिला. मला नको होता. मग लागला.

"नातवंडांना मजा येईल म्हणत होते मी," ती म्हणाली. "अकरा वर्षं. ग्लेन, मला कोणीतरी गप्प का नाही केलं?"

"आपल्याकडे कोणी कोणाला काही म्हणत नाही, पॅटी."

सिनेमाची एकच टेप उरली होती आणि ती लॉइड बाँट्रेगरकडे होती. लॉइड म्हणजे तिसऱ्या कोठारातला माणूस. त्या वेळी तो शाळेच्या बास्केटबॉल संघातून नुकताच बाहेर पडला होता. उंची सहा फूट चार इंच आणि बापाचा जुना डगला घरचाच, एवढ्यावर त्याला मारेकरी केलं होतं. आता तो विमा विकतो. आगीपासून, वादळापासून, स्वतःच्या मूर्खपणापासून, सगळ्यापासून विमा. दुपारी मी त्याच्या कचेरीत गेलो.

"लॉइड, टेप पाहिजे."

"कसली टेप?"

"तुला माहीत आहे कसली."

"हरवली ती."

"तुझ्याकडे एकोणीसशे ऐंशीच्या पावत्या आहेत. तुझ्याकडे काही हरवत नाही."

त्याने चष्मा काढला. "कोणाला पाहिजे?"

"मिसेस हॉस्टेटलरना."

लॉइड उठला आणि त्याने खिडकीचा पडदा ओढला. त्या बाहेर नव्हत्या, तरी ओढला.

"ग्लेन, वेडा आहेस का? माझ्याकडे बघून त्या बाईला काय आठवणार? मी तिच्या पोरीला विळ्याने..."

"रबराच्या."

"रबराच्या तर रबराच्या! मारली की नाही? छत्तीस वर्षं मी त्यांच्यासमोर गेलो नाहीये. त्या समोरून आल्या की मी रस्ता ओलांडतो, त्या बँकेत असल्या की बाहेर गाडीत बसून राहतो. चर्च बदललं मी त्यांच्यापायी. मेथडिस्टांना वाटलं, मला साक्षात्कार झाला."

"त्यांच्या लक्षात आलं असेल ना?"

"कसं येईल? मी काळजी घेतो," सहा फूट चार इंचांचा लॉइड म्हणाला. मग खुर्चीत बसला. "आणि दुसरं एक आहे. तो सीन..." त्याने वाक्य सोडून दिलं.

टेप पोलादी कपाटात होती, विम्याच्या कागदांच्या मागे, लोकरी मोज्यात गुंडाळलेली. मागच्या खोलीत त्याच्याकडे जुनं यंत्रही होतं. घराला आग लागू नये म्हणून काय करावं याची एक फीत तो गिऱ्हाइकांना त्याच्यावर दाखवतो. आम्ही दोघांनी बसून सिनेमा सबंध बघितला. नियम म्हणजे नियम.

सिनेमा वाईट आहे. वाईट सिनेमेही मला आवडतात, त्यांच्यात कधीकधी एक निरागस धीटपणा असतो. यात तोही नाही. मारेकरी येतो तेव्हा ढग गडगडतात आणि मागे कडक ऊन असतं. विळा वाकतो. मक्याच्या शेतात लपलेल्या मुलीच्या मनगटावर घड्याळ आहे, पुढच्या क्षणी नाही, त्याच्या पुढच्या क्षणी पुन्हा आहे. नवव्या मिनिटाला रोंडा येते, विसाव्याला मरते. मी बारकाईने बघितलं, कारण मला तिच्याबद्दल लिहायचं होतं. तिला चार वाक्यं आहेत. दोनदा ती कॅमेऱ्याकडे बघते. मरायला ती फार वेळ घेते आणि मरताना तोंड वेडंवाकडं करते. अभिनय म्हणावा असं मला त्यात काही सापडलं नाही.

घरी येऊन मी लिहिलं, 'स्थानिक कलाकारांचा सहज अभिनय.' फाडलं. 'ओहायोच्या निसर्गाचं विलोभनीय दर्शन.' तेही फाडलं. चौथ्या मसुद्यात मी विळ्याची स्तुती करायला लागलो, तेव्हा पेन ठेवून दिलं. एकोणीस वर्षं मी भीड धरली नव्हती, ती केवळ कोणी खरी भीड घातली नव्हती म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दोनला आम्ही सिनेमा लावायचं ठरवलं. संध्याकाळी मिसेस हॉस्टेटलर गाडी चालवत नाहीत. खरं तर दुपारीही चालवायला नको होती, पण हे त्यांना कोण सांगणार. जागा मुलांच्या गोष्टींची खोली. बुटक्या खुर्च्या, खिडक्यांवर पोरांनी कापलेली काळी कागदी वटवाघळं, त्यांच्यामधून येणारं स्वच्छ पिवळं ऊन. पॅटीने भोपळ्याच्या वड्या आणि कॉफी आणली होती. भयपट बघायला याहून वाईट वातावरण मी पाहिलेलं नाही.

टेप लॉइड दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हता. तो आधीच येऊन यंत्र जोडून गेला आणि बाहेरच्या बोळात, दाराआड उभा राहिला. मिसेस हॉस्टेटलरांसमोर यायचं नाही, ही त्याची अट होती.

मिसेस हॉस्टेटलरनी खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढली, डाव्या अंगाला, आणि तोंड खिडकीकडे केलं.

"पडदा इकडे आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग येतो. तिला बघायचं तर तिच्या शेजारी बघावं लागतं. लाव."

पहिली नऊ मिनिटं त्यांनी कॉफी घेतली. "ही कोण?"

"मुलगी क्रमांक एक. कोलंबसहून आणली होती."

"भुवया किती कोरल्यात. मेली का? बरं."

मग पडद्यावर स्वयंपाकघराचं जाळीचं दार उघडलं आणि रोंडा आत आली. पिवळा सदरा, केस मागे बांधलेले, कपाळावर घाम. जुलै होता. तिने फ्रिज उघडला, दुधाची बाटली काढली आणि तोंडाला लावली.

"ग्लास घे गं," मिसेस हॉस्टेटलर म्हणाल्या.

पॅटी खिडकीकडे वळली आणि एका वटवाघळाची निघालेली पट्टी नीट चिकटवू लागली. बराच वेळ चिकटवत होती.

रोंडा तिची चार वाक्यं बोलली. "कोण आहे तिकडे?" हे त्यातलं तिसरं. तिची आई श्वास रोखून ऐकत होती, मान खिडकीकडे, डोळे भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर. मग रोंडा कोठारात शिरली. लॉइड कडब्याच्या गंजीमागून निघाला. विळा वर गेला, खाली आला. ती किंचाळली, कोसळली, तोंड वेडंवाकडं करत राहिली.

आणि मिसेस हॉस्टेटलर हसायला लागल्या.

मला वाटलं, त्यांना काहीतरी झालं. मी यंत्र बंद करायला उठलो.

"हात लावू नकोस! ग्लेन, अरे, ती हसतेय. तोंडाचा डावा कोपरा बघ. हसू दाबतेय कार्टी. चर्चमध्ये अशीच करायची, पाळक प्रार्थना सांगायला लागले की. मी चिमटा काढायची तिला. मागे घे, पुन्हा लाव."

मी मागे घेतलं. रोंडा पुन्हा मेली. या वेळी मलाही दिसलं. वेदना म्हणून मी जी बघितली होती, ती ओठ चावून धरलेलं हसू होतं. खांदेही हलत होते. इतकी वर्षं सिनेमे बघतो म्हणवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं, आणि निम्मे डोळे गेलेल्या बाईला भिंतीकडे बघत दिसलं.

"दारात कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी पॅटीकडे बघितलं. "लॉइड," मी म्हणालो. "बाँट्रेगरांचा."

"आत ये, लॉइड. बँकेबाहेर गाडीत बसून इतकी वर्षं पेट्रोल जाळलंस, तेवढं पुरे झालं."

लॉइड दारातून वाकून आत आला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, टोपी दोन्ही हातांत धरून, मुलांच्या बुटक्या टेबलाजवळ उभा राहिला.

"मिसेस हॉस्टेटलर, चूक माझी आहे," तो भडाभडा बोलायला लागला. "तो विळा मारला की वाकायचा आणि पुन्हा सरळ होताना माझ्याच नाकावर बसायचा. दर वेळी. आणि रोंडाला हसू यायचं. चौदा वेळा केला आम्ही तो सीन. मग फिल्म संपली. तो दिग्दर्शक म्हणाला, शेवटचाच ठेवू, काय करणार. तिला मोठा असा एकच सीन होता आणि तो मी घालवला. आणि मग ती गेली. मी तुम्हाला काय तोंड दाखवणार होतो?"

"चौदा वेळा?"

"चौदा वेळा."

"घरी आली त्या संध्याकाळी जेवता येईना तिला," मिसेस हॉस्टेटलर म्हणाल्या. "काय झालं विचारलं, की तुझं नाव घ्यायची आणि पुन्हा सुरू. तीन दिवस चाललं होतं. मी तिच्यावर ओरडले, की मरण्याची कसली थट्टा करता." त्या लॉइडकडे वळल्या. "तुझ्यामुळे ती चौदा वेळा हसली, लॉइड. तू रस्ता कशाला ओलांडत होतास?"

लॉइड मुलांच्या खुर्चीवर बसला. खुर्चीने तक्रार केली, पण धरलं.

तिसऱ्यांदा त्या दोघांनी शेजारी बसून बघितलं. त्यानंतर मी टेप पुढे जाऊ दिली. मका दिसला, चौथी मुलगी टॉर्च घेऊन आली.

"आता काय होतं?"

"अजून पाच जण मरतात."

"मग बंद कर," मिसेस हॉस्टेटलर म्हणाल्या. "त्यांच्या आया बघतील त्यांचं."

त्या रविवारी यादी एका बैठकीत झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नारिंगी कागद काउंटरवर आले. साडेदहाला मिसेस हॉस्टेटलर आल्या, एक उचलला आणि पॅटीपुढे धरला.

"अक्षर लागत नाही. वाच."

काउंटरपाशी तिघं-चौघं रांगेत उभी होती. पॅटीने घसा साफ केला आणि एकपासून वाचायला सुरुवात केली, कारण त्यांनी एकपासून वाच असं सांगितलं. रांग हलली नाही. कोणी घड्याळ बघितलं नाही. पॅटी तेरावर आली.

"'तेरा. तिसऱ्या कोठारातला माणूस. आपल्या गावात काढलेला. सिनेमा वाईट आहे. विळा रबराचा आहे आणि ते दिसतं. तरी नवव्या मिनिटापासून विसाव्या मिनिटापर्यंत जरूर बघा. मुलगी क्रमांक तीन म्हणजे रोंडा हॉस्टेटलर, वय वीस. मरताना तिला हसू आवरत नाही. मी असं काही दुसऱ्या कुठल्या भयपटात पाहिलेलं नाही. भीती वाटणार नाही. त्यासाठी वरचे बारा आहेत.'"

पॅटीने कागद त्यांच्या हातात परत दिला.

"एकोणीस," मिसेस हॉस्टेटलर म्हणाल्या.

"काय?"

"वय एकोणीस. जुलैत काढला, तिचा वाढदिवस नोव्हेंबरात. तू ड्राइव्ह-इनचं वर्ष धरलंस. बाकी ठीक आहे. वाईट आहे असं लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर शेवटच्या ओळी मी खऱ्या धरल्या नसत्या. एवढं दुरुस्त कर. सगळ्यांवर."

नवे छापायचे तर नारिंगी कागद उरला नव्हता. वाचनालयाचं मंडळ वर्षाला नेमके दोनशे मंजूर करतं, त्याच्या वर ठराव लागतो. म्हणून मी, पॅटी आणि लॉइड मुलांच्या टेबलाशी काळी पेनं घेऊन बसलो. लॉइड बोलावल्याबरोबर आला, बँकेच्या बाजूने, रस्ता न ओलांडता. वीस खोडायचं, वर एकोणीस लिहायचं. मिसेस हॉस्टेटलर मध्ये बसून एकेक कागद तिरका धरून तपासत होत्या. लॉइडचे दोन त्यांनी परत केले.

एकशे शहाऐंशी झाले. चौदा आधीच गेले होते. पण गावात बातमीला पाय फुटायला ठराव लागत नाही. दुपारपासून माणसं यायला लागली. रेल्वे फाटकाजवळ राहणाऱ्या मिसेस ट्रॉयर, औषधाच्या दुकानातला मुनशावर, मेथडिस्टांचे पाळक. कोणी काही बोललं नाही. कागद पुढे करायचे, मी दुरुस्त करायचो, घेऊन जायचे. टेपसाठी मात्र सगळ्यांनी नाव नोंदवलं. पाचपर्यंत तेरा कागद परत येऊन गेले होते.

"एक राहिला," मी म्हणालो.

"तो माझ्याकडे आहे." त्यांनी पर्समधून सकाळचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि लॉइडच्या हातातलं पेन घेतलं. मान खिडकीकडे वळवली. वीसवर रेघ मारली, मग त्याच्या शेजारी बघत हळूहळू एकोणीस लिहिलं. आकडा ओळीवर पडला नाही. दोन बोटं लांब, समासात पडला.

"आला का बरोबर?"

मी खोटं बोलणार होतो. मग वाटाणे आठवले.

"नाही. थोडा बाजूला आलाय."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. कागदाची चौघडी केली आणि रबरात, छत्तीस कागदांवर, सरकवली. "बाजूचंच मला दिसतं."